टेक्सेरे कुणाचं?

माझ्या एकाही पत्रकात हे आलेलं नाही. आणि मी पत्रकं काही थोडी काढली नाहीत. बऱ्हाणपुरात ज्याच्या घरी किराण्याची पुडी आली असेल, त्याने माझं लिखाण निदान तेलाचे डाग पडलेलं तरी वाचलेलं आहे. नळाच्या पाण्यावर लिहिलं, हुंड्यावर लिहिलं, देवळाच्या बंद दाराबद्दल लिहिलं. प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापायचो — ‘असत्याशी तडजोड नाही!’ दुसऱ्यांची असत्यं मी चौकात आणून मांडली. माझं स्वतःचं एक होतं. ते मी आईलाही सांगितलेलं नाही — आणि आईला मी बहुतेक सगळं सांगतो, कारण ती मध्येच झोपते.

तेव्हा आज तुम्हाला सांगतो. जवळ बसा. नेहमीसारखा ओरडणार नाही.

पण सुरुवात कुठून करू? एका लॅटिन क्रियापदापासून करावी लागेल. हसू नका. मलाही माहीत आहे की तापीकाठच्या माणसाने आपल्या पापाची सुरुवात लॅटिनपासून करणं म्हणजे जरा जास्तच झालं. पण माझा इलाज नाही. पाप तिथूनच सुरू होतं.

क्रियापद आहे टेक्सेरे. अर्थ — विणणे. ते मला सांगितलं गद्रे सरांनी, वाचनालयाच्या ओट्यावर बसून, हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी.

गद्रे सर कोण, हे बऱ्हाणपूरकरांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. निवृत्त मास्तर. नागपूरला कॉलेजात असताना त्यांनी एका पाद्र्याला मराठी शिकवलं आणि त्याच्याकडून लॅटिन शिकून घेतलं. परिणाम असा झाला म्हणतात, की पाद्री मराठीत प्रवचन करू लागला आणि सर लॅटिनमध्ये चिडू लागले. त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात कायम एक पेन्सिल असे. दुकानाच्या पाट्या, सिनेमाच्या जाहिराती, लग्नपत्रिका — काही म्हणता काही त्या पेन्सिलीतून सुटत नसे. एका लग्नाची पत्रिका त्यांनी दुरुस्त करून परत पाठवली, आणि लग्नाला जाऊन जेवूनही आले. अशा माणसाचा लोकांना राग येईल की नाही? येत होता. भरपूर येत होता. पण एखादी एकादशी नेमकी कोणत्या दिवशी धरायची, खरेदीखतातल्या अमुक ओळीचा अर्थ काय, कुणाचे आजोबा कुणाच्या आजोबांआधी या गावात आले — वाद पेटला की शेवटी कुणीतरी म्हणायचंच, सरांना विचारा. आणि सर म्हणाले, की विषय संपला.

शेती नव्हती त्यांची. घर भाड्याचं. मुलगी खंडव्याला दिलेली, घरात ते आणि त्यांची बायको, माई. या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं — त्यांचा शब्द. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

ती वर्षंही तशीच होती. संस्थानं विरघळून गेली होती, जुने प्रांत उसवून नवे शिवले जात होते. भाषेवर राज्यं होणार म्हणत होते. मग बऱ्हाणपूर कुठे? घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि भांडताना दोन्ही — अशा गावाचं करायचं काय? आम्ही पोरं संध्याकाळी तापीच्या वाळूत काठीने नकाशे काढायचो आणि गाव उचलून कधी या बाजूला, कधी त्या बाजूला ठेवायचो. दिल्लीहून मोठी माणसं फिरत होती, लोकांची म्हणणी ऐकत होती. जो तो आपापली निवेदनं लिहीत होता. आणि मी? मी वीस वर्षांचा होतो, पत्रकांवर वाढलेला. पूर्णविराम हे मला भित्र्या माणसाचं चिन्ह वाटायचं. माझी वाक्यं उद्गारचिन्हावरच थांबत.

मला पुरावा हवा होता. बऱ्हाणपूर मराठी आहे याचा असा पुरावा, जो दुसऱ्या कुठल्याच पत्रकात नसेल. आणि नेमके त्याच हिवाळ्यात सर म्हणाले — टेक्सेरे. विणणे. म्हणाले, इंग्रजीत कापडाला जो टेक्स्टाइल शब्द आहे तो याच्यातून आला, आणि छापील मजकुराला जो टेक्स्ट म्हणतात तोही याच्यातूनच. रोमच्या लोकांना लिहिणं हे विणण्यासारखं वाटलं. उभा धागा, आडवा धागा, आणि मधून वाक्य. मी थरारून गेलो. विणकरांच्या गावात राहून पत्रकं लिहिणारा मी — माझे दोन्ही धंदे एका क्रियापदात! सर पुढे म्हणाले, ‘या धातूचं मूळ फार जुनं आहे, आपल्याकडेही त्याचा एक भाऊ आहे, पण तो—’

पण तो काय, ते मी ऐकलंच नाही. उठलो होतो. मला घाई होती. क्रांतिकारकांना अर्धं वाक्य पुरतं.

रात्रीत पत्रक तयार. शीर्षक — ‘बऱ्हाणपूर कुणाचं?’ त्यात मी काय लिहिलं ते आज सांगतानाही कान गरम होतात. लिहिलं असं: प्राचीन काळी रोमन व्यापारी तापीच्या पाण्यावरून वर आले. इथल्या इतवारा पेठेत त्यांनी आपला विणकर पाहिला. कापडाच्या लांबीला आपण ज्याला ताका म्हणतो तो अस्सल मराठी शब्द त्यांनी कापडासकट उचलला, त्याला आपल्या भाषेची शेपटी लावली, आणि झालं टेक्सेरे! रोम विणायला शिकलं ते बऱ्हाणपुरात! मराठीत!

कुठून आणलं मी हे? कुठूनच नाही. मागावर धागाच नव्हता, मी नुसता खटखट हात हलवत होतो. पण छापल्यावर ते इतकं खरं दिसलं — तुम्ही कधी आपलंच खोटं छापील अक्षरांत वाचलंय का? फार मानानं उभं असतं ते.

आणि पत्रक पेटलं. विणकरांचे पुढारी धोंडूभाऊ — आडदांड माणूस, आवाज मागाच्या वरताण — त्यांनी ते गल्लोगल्ली वाचून दाखवलं. माणसं आपल्याच हातांकडे नव्या नजरेनं बघू लागली. कुणीतरी लुगड्याला नवा काठ काढला आणि त्याला नाव दिलं ‘रोमन काठ’. तो खपलाही.

आता इथे आमच्या गावातली एक रीत सांगायला हवी. ज्याने पत्रक काढलं त्याने पुढच्या रविवारी संध्याकाळी राजघाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसायचं. ज्याला जे विचारायचं ते त्याने विचारायचं. आम्ही त्याला ‘जाब’ म्हणायचो. उत्तर आलं नाही, तर सगळ्यांना मावा जिलेबी. मला या रीतीचा फार अभिमान होता. मी तोवर एकदाही जिलेबी दिलेली नव्हती.

त्या रविवारी कापड दुकानवाले बन्सीलाल उठले. सभ्य माणूस. पानाचा तोबरा शांतपणे गालात सारला आणि म्हणाले, ‘वसंता भैया, बाकी सब ठीक. पण हे लॅटिन तुम्ही शिकले कुठे?’

लोक हसले. साधा प्रश्न होता. साधं उत्तर होतं — शिकलो नाही, बनवलं. जिलेबी द्यायची, घरी जायचं. एवढंच ना? पण पुढे धोंडूभाऊ बसले होते, त्यांच्यामागे त्यांची सगळी माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडावर तो नवा रोमन तजेला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘मला गद्रे सरांनी सांगितलं.’

हसू एकदम थांबलं. बन्सीलालांनी हात जोडले. ‘सर बोले? फिर तो बात खतम.’

ही पहिली लबाडी. मी कबूल करायला बसलोय ती ही नव्हे. ही लहान आहे. थांबा.

सर तेव्हा गावात नव्हते. मुलीला मुलगा झाला म्हणून खंडव्याला गेले होते. म्हणूनच माझं पत्रक तोवर त्यांच्या पेन्सिलीखाली सापडलं नव्हतं. इकडे विणकरांनी ठरवलं की एवढा मोठा शोध लावणाऱ्या माणसाचा सत्कार झालाच पाहिजे. मी खंडव्याला जाऊन सरांना सांगू शकलो असतो. गाडीने कितीसा वेळ लागतो? मी मात्र त्या दिवसांत मांडवाच्या दोऱ्या ओढायला मदत करत होतो.

सर स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात पिशवी होती, पिशवीतून खंडव्याची वांगी डोकावत होती, आणि समोर बँड होता. बँड वाजू लागला. सरांना वाटलं मागून कुणी पुढारी उतरतोय. ते बाजूला झाले. बँडही बाजूला झाला. ते दुसऱ्या बाजूला झाले. बँड तिकडे. शेवटी धोंडूभाऊंनी हार घातला तेव्हा सर म्हणाले, ‘अहो, मी फक्त आजोबा झालोय.’

टांग्यातून मिरवत इतवाऱ्यात आणलं. मंचावर बसवलं. माझं पत्रक त्यांच्या हातात दिलं — वाचून दाखवा, सर! सरांनी चष्मा चढवला. वाचू लागले, मनातल्या मनात. मग सवयीनं हात खिशाकडे गेला, पेन्सिल बाहेर आली, आणि हजारो डोळ्यांसमोर सर मंचावर बसून माझं पत्रक दुरुस्त करू लागले. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो.  

ते उठले. बोलले तेव्हा आवाज अगदी वर्गातला. ‘हे मी म्हटलेलं नाही. रोमन या देशात आले तेव्हा इथे बऱ्हाणपूर नव्हतंच. ते वसायला अजून हजाराहून जास्त वर्षं होती.’ सरांनी पेन्सिल खिशात ठेवली. ‘टेक्सेरे म्हणजे विणणे हे खरं. पण त्याचा ताक्याशी संबंध नाही. त्याचा आपल्याकडचा भाऊ आहे संस्कृतातला तक्ष् — घडवणे, तासणे. आपण लाकूड तासतो म्हणतो, तो तोच. ग्रीकांकडे त्याच घराण्यातल्या शब्दाचा अर्थ सुतार. म्हणजे नातं लावायचंच झालं, तर या शब्दाची जुनी ओळख मागाशी नाही. सुताराच्या वाकसाशी आहे.’

मांडव घालायला आलेले सुतार मागे बिड्या ओढत बसले होते. त्यांच्यातून एक शिट्टी आली. मग टाळ्या. ‘वा मास्तर! जय विश्वकर्मा!’

झालं. पुढचे विणकर उठून मागे बघू लागले. कुणी म्हणालं, हार विणकरांचे आणि मान सुतारांचा? कुणी म्हणालं, बसा रे. धोंडूभाऊंनी हात वर केला, गर्दीत मला शोधलं, आणि मांडव थरथरेल अशा आवाजात विचारलं —

‘वसंता! सर त म्हणून राहिले का त्याइनं असं म्हटलंच नाही. मग तू कायले सांगितलं का सरायनं म्हटलं?’

सगळी तोंडं माझ्याकडे. सरांचंही.

आता पाहा. मी अन्यायाविरुद्ध लिहिणारा. पोलिसाच्या तोंडावर त्याच्याबद्दलचं पत्रक वाचून दाखवलेलं आहे मी. भीती कशाची होती मला? मार खाण्याची नव्हती — धोंडूभाऊ मारत नसत. हसं होण्याची होती. बस, एवढीच. ‘वसंताने बनवलं’ हे शब्द त्या मांडवात फिरतील आणि लोक हसतील, हे मला सहन होणार नव्हतं.

मी मंचावर चढलो. सरांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि आवाज — हे मला सगळ्यात जास्त आठवतं — मी आवाज मऊ केला. माझ्या आयुष्यात कधी केला नव्हता इतका मऊ.

‘सरांचं वय झालंय,’ मी म्हणालो. ‘सर आता विसरतात.’

हे आहे ते.

मांडवभर एक सुस्कारा गेला. सुटल्यासारखा. म्हणजे शोध खरा! फक्त सर विसरले! बिचारे! विणकरांनी टाळ्या वाजवल्या, पोटातून आलेल्या प्रेमानं वाजवल्या, सुतारांनीही वाजवल्या. धोंडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी सरांना शाल घातली ती अगदी मानेपर्यंत गुंडाळली, जसं आजाऱ्याला गुंडाळतात. सर काही बोलू पाहत होते, पण बँड सुरू झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — फार उंचावर लावलेल्या चुकीच्या पाटीकडे ते जसे पाहायचे, तसं.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. मलाही वाटलं. चार दिवसांत लोक विसरतील. पण बऱ्हाणपूर कुणाचं काही विसरत नाही, आणि ज्याच्यावर माया करायची ठरवलं त्याला सोडत नाही.

दुसऱ्याच दिवशी सर नेहमीसारखे फिरायला राजघाटाकडे निघाले. टांगेवाले रज्जाकचाचा समोरून आले, टांगा वळवला. ‘मास्टरजी, घर इधर नहीं, उधर है. बैठिए.’ सर म्हणाले, मी घरी जात नाहीये. चाचा म्हणाले, ‘हाँ हाँ, बैठिए.’ आणून सोडलं. सर पुन्हा निघाले. यावेळी दूधवाल्याने आणून सोडलं. संध्याकाळपर्यंत त्यांना घाट काही दिसला नाही.

न्हाव्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं — कालच केली न सर दाढी! किराणावाला त्यांची यादी त्यांनाच मोठ्यानं वाचून दाखवू लागला, सावकाश, प्रत्येक शब्द तोडून. बायका माईंना हळूच सांगून जात, लक्ष ठेवा हं, विहिरीकडे जाऊ देऊ नका. सरांनी एका दुकानदाराला पाटी चुकल्याचं सांगितलं. त्याने हात जोडून ‘हो हो’ म्हटलं आणि आधी सरांच्याच सांगण्यावरून दुरुस्त केलेली दुसरी पाटीही पुन्हा जुन्यासारखी रंगवून घेतली. एकदा कुणीतरी तिथी विचारली, सरांनी बरोबर सांगितली, आणि सगळी गल्ली खुश — आज सरांना आठवलं! बन्सीलालांनी तेवढ्यावर पेढे पाठवले.

सांगताना हसू येतंय मला. तेव्हाही यायचं. कोपऱ्यावर उभा राहून मी पाहायचो आणि हसायचो, आणि घरी आलो की जेवण जात नसे. दोन्ही खरं आहे.

मग वाद व्हायचे तेव्हा लोक सरांना विचारायचे खरे, सवयीनं. सर उत्तर द्यायचे. सगळे मान डोलवायचे. सर गेले की दुसऱ्या कुणाला तरी विचारायचे.

वाचनालयाच्या मंडळींनी किल्ली मागून घेतली. फार अदबीनं. सर, तुम्हाला कशाला त्रास. ती किल्ली इतकी वर्षं सरांच्या जानव्याला असायची. माझ्याच समोर दिली त्यांनी. मी त्या बैठकीला होतो. मी कडक शब्दांत बोललो — वाचनालयाच्या गळक्या छपराबद्दल.

आणि दिल्लीची माणसं? ती येऊन गेली, ऐकून गेली. रोमनांबद्दल त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. पुढे नवा नकाशा झाला आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. माझ्या क्रियापदानं रेघ केसभरही हलली नाही.

हे सगळं मी अजून सांगू शकतो, कारण इथवर मी म्हणू शकतो — गर्दी होती, बावरलो. गर्दीत माणूस काहीही बोलतो. पण मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी सर माझ्या घरी आले. तिथे गर्दी नव्हती. आई आत झोपली होती. मी एका पत्रकाची मुद्रितं तपासत होतो — काळाबाजार करणाऱ्यांवर होतं ते, फार जळजळीत.

सर बसले. पाणी प्याले.  मग म्हणाले, ‘वसंता, माई मला रोज विचारते, काल काय भाजी होती. आधी मी चिडायचो. आता मी सांगतो. बरोबर सांगतो, असं मला वाटतं. पण ती हसते तेव्हा कळत नाही की बरोबर आलं म्हणून हसली, की...’ ते थांबले. ‘इतकी माणसं खोटं कशाला बोलतील? तुला विचारायला आलोय. तू होतास तेव्हा. मी खरंच म्हणालो होतो का तुला, ते ताक्याचं?’

खोलीत आम्ही दोघं. बाहेर ऊन. कुणी ऐकणारं नाही, कुणी हसणारं नाही, जिलेबीसुद्धा द्यायची नाही. आणि समोर एक माणूस, ज्याला फक्त एवढंच हवंय की त्याचं डोकं ठिकाणावर आहे असं कुणीतरी सांगावं. मी ‘नाही’ म्हणायचं होतं. तीन अक्षरंही नाहीत त्या शब्दात.

‘हो, सर,’ मी म्हणालो.

का? विचारू नका, मीही आता विचारत नाही.

सरांनी मान हलवली. हळूच. त्यांना जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं — निदान निकाल लागला म्हणून. ‘असं?’ म्हणाले. ‘मग चूक माझी. चुकीचं सांगितलं मी तुला, आणि तू विश्वासानं छापलंस. ते दुरुस्त करायला हवं.’ मग, माझ्याकडे न पाहता, ‘तुला त्रास झाला असेल लोकांसमोर.’

दोन दिवसांनी त्यांनी मजकूर आणून दिला. शीर्षक — ‘दुरुस्ती’. मीच छापून घेतला. मुद्रितं मीच तपासली. तपासण्यासारखं काही नव्हतं, एक वेलांटी चुकलेली नव्हती. त्यात त्यांनी लिहिलं होतं की वयोमानामुळे माझ्याकडून एका तरुण लेखकाला चुकीची माहिती दिली गेली, तरी त्या लेखकाला दोष देऊ नये. आणि मग टेक्सेरे — त्या संध्याकाळी मी न ऐकलेलं सगळं. विणणे, वेत गुंफणे, जोडून उभं करणे, अगदी जहाजसुद्धा, आणि मागाहून, शब्द रचणे. त्याचा तक्ष्, त्याचं तासणे, त्याचे ग्रीक सुतार. शेवटी, जाता जाता, त्याला पुढे उपसर्ग जोडून झालेलं एक क्रियापद — प्राइटेक्सेरे. समोर विणून धरणे. कापडाची कड असाही अर्थ, आणि समोर धरलेला पडदा असाही; त्यातून इंग्रजीत बहाण्याला प्रीटेक्स्ट हा शब्द आला. ते सरांनी मला टोचायला लिहिलं नव्हतं. त्यांना तसं टोचता येत नसे. शब्दाचा तो अर्थ होता, म्हणून लिहिला.

मी ते वाचलं, आणि ‘छापावे’ असं लिहून खाली सही केली.

पत्रकं वाटायलाही सर स्वतःच गेले. मला म्हणाले, चूक माझी, वाटायची मी. इतवाऱ्याच्या दरवाजाशी उभे राहिले, डोक्यावर उपरणं, हातात गठ्ठा. लोक पत्रक घेत होते. फार प्रेमानं घेत होते. घडी घालून खिशात ठेवत होते, वाचत कुणीच नव्हतं. एक बाई म्हणाली, ‘सर, उन्हात नका उभं राहू, तुमाले चक्कर येईन.’ धोंडूभाऊंनी मात्र घेतलं, वाचलं, आणि मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले — दबक्या आवाजात, म्हणजे साऱ्या बाजाराला ऐकू गेलं — ‘पाहा रे. एवढा मोठा शोध लावला माणसानं. अन् आता तो शोधही विसरला.’

सरांनी ते ऐकलं. हातातला गठ्ठा खाली झाला.

मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर होतो. सगळं दिसत होतं. अजूनही — त्या क्षणीसुद्धा — मी बाजारात उभा राहून ओरडू शकलो असतो. ओरडणं हा तर माझा धंदा.

रज्जाकचाचांनी टांगा थांबवला, खाली उतरले आणि सरांचा एक हात धरला. ‘चलिए मास्टरजी, घर चलते हैं.’

‘मला घर माहीत आहे,’ सर म्हणाले.

मी रस्ता ओलांडला आणि त्यांचा दुसरा हात धरला.

‘हो, सर,’ मी म्हणालो. ‘चला.’

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग चालू लागले. टांगा त्यांच्या दारात थांबला. माईंनी दार उघडलं, आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि घाबरून विचारलं, ‘काय झालं?’

‘काही नाही,’ सर म्हणाले. ‘वसंता होता बरोबर, म्हणून आलो.’

माईंनी मला पाणी आणून दिलं. मी ते प्यालो, भांडं खाली ठेवलं, आणि घरी गेलो.